सव्वादोन वर्षांची लेक चष्मा डोळ्यावर टिकू देत नाही

सायलीपान (बुधवार, रात्री ११.१०)

धागा काढायला उशीरच झाला, कारण आमचा निम्मा दिवस चष्मा शोधण्यात जातो. आज तो बटाट्यांच्या टोपलीत सापडला, काल सासऱ्यांच्या चपलेत. परवा तर संध्याकाळपर्यंत सापडलाच नव्हता, शेवटी वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरात अडकलेला निघाला.

लेक सव्वादोन वर्षांची आहे, घरात चिनू म्हणतो. दिवाळीच्या फोटोंत तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला दिसला. आधी आम्ही मोबाइलच्या फ्लॅशवर ढकललं. मग नणंदेने एकेक फोटो मोठा करून दाखवला. घास बघताना, चित्राच्या पुस्तकावर बोट ठेवताना डोळा आत. लांब गच्चीकडे बघताना सरळ. सासूबाईंचं म्हणणं, थोडा चकणेपणा भाग्याचा असतो, वाढत्या वयात जाईल. तरी आम्ही गेलो डॉक्टरांकडे.

त्यांनी आधी तीन दिवस दोन्ही वेळा ॲट्रोपिनचं मलम डोळ्यांत घालायला सांगितलं. ते तीन दिवस मी विसरणार नाही. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की डोळे नुसते काळे, गाल लालभडक, अंगणात नेलं की माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. नंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्चसारखं यंत्र आणि काचांची पट्टी धरून पाच मिनिटांत नंबर काढला. मला चिंता होती की जिला अजून 'क' आणि 'त'मधला फरक जमत नाही ती नंबर काय सांगणार. पण तिला काही सांगावंच लागलं नाही, डोळ्यातून परत येणाऱ्या उजेडावरून त्यांना कळतं म्हणे. उजवा प्लस साडेपाच, डावा प्लस सव्वासहा. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून ती डोळ्याला ताण देते आणि त्या ताणाने डोळा आत वळतो, चष्म्याने ताण जाईल. झोप आणि आंघोळ सोडून दिवसभर घालायचा, दोन महिन्यांनी दाखवायला यायचं. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

काचा पुण्याहून यायच्या होत्या (आम्ही कराडला), त्यात पंधरा दिवस गेले. फ्रेम लाल, तिनेच बोट दाखवून निवडली. माप जरा मोठं घेतलं. ह्यांचं म्हणणं, पोरं झपाट्याने वाढतात, सहा महिन्यांत परत खर्च कशाला. दुकानदारही बरं म्हणाला.

तेव्हापासून हे चाललंय. चष्मा घातला की घड्याळ लावून सात ते आठ मिनिटं. मग एका काडीला धरून ओढते आणि भिरकावते. मागे दोरी बांधून बघितली, तर दोरीसकट गळ्यात लटकवते आणि शाळेतल्या बाईंसारखी फिरते. कधी ठेवलाच तर मान खाली घालून काचांच्या वरून बघते, बँकेतल्या कॅशियरसारखी. चॉकलेट दिलं, खेळातल्या अस्वलाला चष्मा घातला, ओरडून झालं, एकदा मी स्वतः रडून झालं.

बाहेर पडलं की "अगंबाई, एवढ्याशा पोरीला चष्मा!" ठरलेलं. काल भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली, दया आली म्हणून.

आणि रात्री झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. चष्मा काढला की तिचा डोळा आधीपेक्षा जास्त आत गेलेला दिसतो. चष्म्यानेच डोळा बिघडतोय का? कुणी ह्यातून गेलं असेल तर सांगा.

दुपारची_साडेतीन (गुरुवार, सकाळी ६.५०)

सायली, आधी चहा घे. मी गेले आहे ह्यातून. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, चष्मा लागला तेव्हा पावणेतीनचा होता.

आमच्याकडे उपयोगाला आला तो जेसीबी. पिंपरीत आमच्या समोर तेव्हा इमारतीचा पाया खणत होते आणि ह्याला दिवसभर खिडकीतून तेच बघायचं असे. मी नियम केला, जेसीबी चष्म्यातूनच दिसतो. काढला की पडदा बंद. ओरडायचं नाही, समजावत बसायचं नाही, पडदा ओढायचा आणि आपण कांदा चिरायला लागायचं. चष्मा परत आला की पडदा उघडा. चार-पाच दिवस त्याने माझी परीक्षा बघितली. एका दिवशी पडदा बावीस वेळा ओढला, मी मोजलं आहे.

तुझ्याकडे जेसीबी नसेल तर तिला जे वेड लावतं ते शोध. त्या वेळी चष्मा. उरलेल्या वेळी ओढाओढी करू नकोस. आवडीच्या कामाची पंधरा मिनिटं मिळाली की त्याला दुसरी पंधरा जोडायची. आणि काढायला हात वर गेला की त्याच हातात काहीतरी दे. आम्ही लिंबू द्यायचो. का लिंबू, माहीत नाही, पण चाललं.

काढल्यावर डोळा जास्त आत दिसतो, ते आम्हालाही दिसायचं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने त्याला आराम कळलाय, तो काढल्यावर एकदम सगळा जोर लावतो म्हणून तसं दिसतं. चष्मा घातलेला असताना डोळा सरळ राहतो का, ते बघत जा.

माझ्या मुलाच्या चांगल्या डोळ्यावर पुढे पट्टीही लागली, मागे पडलेल्या डोळ्याने बघावं म्हणून, दिवसाला दोन तास. ती लागली तर तेव्हा बोलू, आत्तापासून जीव जाळू नकोस.

काडीमोड (गुरुवार, दुपारी २.१५)

माझं लातूरला चष्म्याचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. (नाव वाचून घाबरू नका, बायको त्याच गल्ल्यावर बसते. पोरं रोज ज्या मोडून आणतात त्या काड्यांवरून घेतलंय.)

ताई, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, ते म्हणजे कॅशियर. पोरगी वरून बघते म्हणजे चष्मा खाली घसरतो. तिचा हट्ट नंतर बघू, आधी चष्मा बघू.

काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतील. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा मधल्या पुलाची, मिलिमीटरमध्ये. काय आहेत ते सांगा. आणि पावतीवर पीडी लिहिला असेल, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, तोही सांगा.

सायलीपान (गुरुवार, दुपारी २.४०)

४४-१६. पीडी ४६ लिहिलाय.

काडीमोड (गुरुवार, रात्री ९.३०)

दुकान बंद करून निवांत लिहितो.

४४ आणि १६ म्हणजे ६०. पोरीच्या बाहुल्यांत अंतर ४६. चौदा मिलिमीटरचा फरक. म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून सात मिलिमीटर नाकाकडे आहे. ही फ्रेम पाच-सहा वर्षांच्या मुलाची. फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतात, चष्मा घेऊ नये. तुमच्या यजमानांना नावं ठेवत नाही. माझ्या दुकानात दहातले सहा बाप हेच म्हणतात, आणि गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून 'बरं' म्हणणारे दुकानदारही आहेत. सुरुवातीच्या काळात मीही म्हटलंय.

त्याने काय होतं ते सांगतो. प्लस नंबरची काच मधे जाड असते, भिंगासारखी. फ्रेम जितकी मोठी तितकी गोल चकती मोठी घ्यावी लागते, आणि चकती मोठी तितका मधला फुगवटा जास्त. साडेपाच-सव्वासहाला तो चांगलाच जाणवतो. म्हणजे मोठ्या फ्रेमने वजन वाढवलं, आणि ते पेलायला खाली काय आहे? दोन वर्षांच्या मुलाला नाकाचं हाड वर आलेलंच नसतं, डोळ्यांच्या मधे नुसती सपाट जागा. तुमच्या-माझ्या नाकासाठी केलेला सोळाचा पूल तिथे टेकतच नाही. चष्मा गालावर येतो, ती हसली की गाल वर जातात आणि चष्मा हलतो. पापण्या काचेला लागतात, काचेवर तेलकट रेघा उठतात. मग ती काढते. तिच्या जागी मीही काढला असता.

आरशासमोर मांडीवर घेऊन बसा आणि बाजूने बघा. बाहुली काचेच्या मधोमध यायला हवी. तिला खाली बघायला लावा, चष्मा घसरता कामा नये. काडी कानावरून सरळ जाऊन कानामागे वळायला हवी. वळण कानाच्या आधीच असेल तर ती कानाचं मूळ कापते, फार मागे असेल तर चष्मा पुढे येतो. अर्ध्या तासाने काढून कानामागे बोट फिरवा, लाल वळ असेल तर तेच रडण्याचं कारण. ह्या वयाला एकसंध, बिजागरी आणि स्क्रू नसलेली, रबरासारखी वाकणारी फ्रेम बरी, पूल खाली आणि चपटा, मागे मऊ पट्टा. माप सदतीस-अडतीसच्या आसपास. काच पॉलिकार्बोनेटची, आपटली तरी डोळ्यात तुकडा जात नाही. त्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून ओढणीने कोरडी पुसू नका. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग मऊ सुती कापड.

दुसरी गोष्ट डॉक्टरांना विचारायची. मलमाचा असर साधारण दहा-पंधरा दिवस टिकतो. तोवर डोळ्याला ताण देता येत नाही, त्यामुळे चष्म्याशिवाय धूसर आणि चष्म्यातून स्वच्छ. त्याच दिवसांत चष्मा हातात आला की पोरं पटकन धरतात. तुमचा पंधरा दिवसांनी आला, तोवर तिचा डोळा परत जुन्या सवयीने जोर लावायला लागला असणार. जोर सोडत नाही आणि वर प्लसची काच, त्यामुळे लांबचं धूसर. तिला वाटणार ह्या वस्तूने बिघडतंय. ताण सैल व्हायला वेळ लागतो. काही डॉक्टर अशा वेळी थोडे दिवस परत औषध देतात. उरलेली ट्यूब स्वतःच्या मनाने मात्र घालू नका, ते औषध खेळ नाही, लहान मुलांना त्याने ताप चढतो.

हिरवळ (शुक्रवार, सकाळी ८.०५)

इतक्या लहान वयात कुबड्या कशाला? माझ्या आतेभावाच्या मुलाचा नंबर रोज गाजराचा रस आणि सकाळी दवात अनवाणी चालून गेला. टीव्ही-मोबाइल बंद करा, गाईच्या तुपाचं काजळ घाला. एकदा चष्मा लागला की डोळे त्याचे गुलाम होतात.

काडीमोड (शुक्रवार, सकाळी १०.२०)

गाजर जरूर द्या, हलवा करून द्या, मलाही पाठवा. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे खरंच आहे. पण ह्या पोरीचा डोळ्याचा गोळा मागून-पुढून आखूड आहे, म्हणून प्लस नंबर. गाजर खाऊन गोळा लांब होत नाही. वाढत्या वयाबरोबर तो थोडा लांब होतो, म्हणून पुष्कळांचा प्लस नंबर पुढे उतरतो. त्याच वर्षांत कुणी गाजर खात असेल तर श्रेय गाजराला. काजळ घालू नका, घरचंही.

पाटवडी (शुक्रवार, दुपारी ४.००)

मी इथे सहसा पाककृतींच्या धाग्यांवर असते. हिरवळ ह्यांची पोस्ट वाचून राहवलं नाही.

माझं वय एकसष्ट. मला लहानपणी कुणी चष्मा लावला नाही. डोळा वळत नव्हता, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. उजवा डोळा उत्तम, फळ्यावरचं दिसायचं, नंबर पहिल्या पाचात. पंधराव्या वर्षी गावच्या जत्रेत भावांबरोबर फुगे फोडायच्या बंदुकीपाशी गेले. भावाने सांगितलं, एक डोळा मीट आणि नेम धर. मी उजवा मिटला. समोरची फुग्यांची फळीच नाहीशी झाली. लाल-पिवळा चिखल कालवावा तसं काहीतरी. मला वाटलं, सगळ्यांचंच एका डोळ्याने असं होत असेल. मी गोळी झाडली आणि ती बंदूकवाल्याच्या बादलीला लागली. सगळे हसले, मीही हसले.

पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याला मोठा नंबर होता, तो लहानपणी मिळाला नाही, म्हणून मेंदूने त्या डोळ्याकडे बघणंच सोडलं. आता चष्मा लावूनही उपयोग थोडा. डोळ्यात दोष काही नाही, पण डोळा आळशी राहिला तो राहिला. हल्ली मोठ्या मुलांवरही प्रयत्न करतात असं ऐकते, पण खरी वेळ सात-आठ वर्षांच्या आतली.

आयुष्य काही अडलं नाही. पण सुईत दोरा ओवायला मला शेजारीण लागते. चहा ओतताना कपाची कड डाव्या बोटाने चाचपते, नाहीतर बशीत जातो. जिना उतरताना शेवटची पायरी आहे की संपली हे पायाने विचारावं लागतं. आणि गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा त्या डोळ्यावर एक दिवस पट्टी होती. तो एक दिवस आमचे हे मला हाताला धरून न्हाणीघरात नेत होते. त्यांना मी माझ्या डोळ्याचं चाळीस वर्षांत कधी नीट सांगितलं नव्हतं.

सायली, तुझ्या सासूबाईंना चष्मा असेलच. चिनूसमोर हळहळायचं नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घे. लेकराला शब्द कळत नसले तरी चेहरा कळतो. तुम्ही चष्मा घालताना रोज ताप बघायला कपाळावर हात ठेवल्यासारखे चेहरे करत असाल, तर तिला ते आजारपणच वाटणार. माझ्या नातवाचे बूट घालताना कोण असा चेहरा करतं?

सायलीपान (तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०.३०)

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, एकत्रच लिहिते.

शनिवारीच आरशासमोर बसलो. काडीमोडदादांनी लिहिलं ते शब्दन् शब्द दिसलं. हसली की चष्मा गालावर उडी मारत होता, आणि उजव्या कानामागे बारीक लाल चीर. मला वाटायचं कान तापटपणाने लाल होतात. हे काही बोलले नाहीत, सोमवारी स्वतः दुसऱ्या दुकानात घेऊन गेले. तिथे मिळाली ३८-१२, निळी, लोळागोळा करता येणारी, मागे मऊ पट्टा. लाल फ्रेम शोकेसमध्ये आहे, सहाव्या वाढदिवसाला घालू असं हे म्हणतात. मी हसले नाही.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बोलावलं, बघितलं, आणि नवा चष्मा आला त्या दिवसापासून तीन दिवस परत औषध द्यायला सांगितलं. ह्या वेळी काचा आठ दिवसांत आल्या, कारण मी रोज फोन करत होते. पहिल्या दिवशी वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी काढून फेकला, मग स्वतःच चाचपडत उचलून आणला आणि उलटा लावला. चौथ्या दिवशी दुपारी झोपेतून उठून "चम्मा" म्हणाली.

जेसीबी आमच्याकडे नाही, पण मागच्या गल्लीत एक घोडा आहे, लग्नाच्या वरातीचा. सकाळ-संध्याकाळ घोडा. चष्मा नाही तर घोडा नाही. घोडेवाल्या काकांना सगळं सांगून ठेवलंय, तेही "चष्मा कुठाय?" विचारतात. त्यांच्या तोंडून ऐकलं की मुकाट्याने घालते, मी सांगितलं की नाही.

पाटवडीकाकू, तुमची पोस्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आजी-नातीचा एक कार्यक्रम सुरू झालाय. वाटीत पाणी, साबणाचा थेंब, दोघींचे चष्मे त्यात, मग जुन्या मलमलच्या धोतराच्या तुकड्याने पुसणं. ह्यात अर्धा तास आणि फरशीवर पाणीच पाणी. सासूबाईंचा चष्मा पाच वर्षांत इतका स्वच्छ नव्हता.

एकदाच बिनसलं. इस्लामपूरला लग्नात एका आत्याबाईंनी "फोटोपुरता काढ गं, डोळे छान आहेत पोरीचे" म्हणून माझ्या हातूनच तिचा चष्मा उतरवला. मग परत दोन दिवस घालेना. त्या फोटोत तिचा डोळा आत गेलेला आहे. आत्याबाईंना तो फोटो मी मुद्दाम पाठवला. बरं केलं की वाईट, कळत नाही, पण पाठवला.

चष्म्यात डोळा आता बहुतेक वेळ सरळ असतो. दमली की संध्याकाळी थोडा वळतो, ते लिहून ठेवते आहे, पुढच्या महिन्यात डॉक्टरांना दाखवायला.

फक्त एक नवीन झालंय. जवळचं नीट दिसायला लागल्यापासून ती वरणातली मोहरी बोटाने एकेक वेचून ताटाच्या कडेला लावते. आज एकोणीस निघाल्या. जेवायला पाऊण तास. फोडणी न घालता घरातल्यांना वरण कसं खपवायचं, हे पाटवडीकाकूंना त्यांच्या धाग्यावर येऊन विचारते.